सीसीआयईच्या अभ्यासाला लातूर पॅटर्नची उधारी

लातूर पॅटर्नला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी मराठवाड्यातली मुलं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत नेऊन दाखवली. पुढे तोच शिरस्ता सीईटीला आणि मग नीटलाही लागू पडला, आणि नांदेडनेही तो उचलला. ठरलेली पुस्तकं, रोजचा सराव, आठवड्याची चाचणी, चुकलेल्या प्रश्नाची फेरतपासणी. माझं भांडण आहे ते हा पॅटर्न उसना घेऊन सिस्कोच्या सीसीआयईसारख्या वरच्या परीक्षांची दुकानं थाटणाऱ्यांशी. अशा एका क्लासची फी मी मोजली आहे, तेव्हा बोलण्यात कडवटपणा येणारच. पण मुद्दा रागाचा नाही, हिशेबाचा आहे: सीसीआयईचं नियोजन लॅबपासून, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेपासून, उलटं करायचं असतं आणि आमच्याकडे ते लेखी पेपरपासून सुलटं विकलं जातं.

ही परीक्षा 1993 पासून आहे आणि प्रात्यक्षिक हाच तिचा कणा राहिला आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये सिस्कोने रचना बदलली. तेव्हापासून एन्टरप्रायझ शाखेत आधी एन्कोर हा दोन तासांचा पेपर आणि मग आठ तासांची लॅब असते. लॅबचे पहिले तीन तास डिझाइनचे आणि पुढचे पाच जाळं उभारण्याचे, चालवण्याचे, सुधारण्याचे. डिझाइनच्या भागात उपकरणाला हात लावता येत नाही. कंपनीतले ई-मेल, आकृत्या, गरजांची कागदपत्रं वाचून निर्णय द्यायचा, आणि एकदा पुढच्या प्रश्नावर गेलं की मागे फिरता येत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. इथे प्रोटोकॉलइतकीच इंग्रजी वाचनाच्या वेगाची कसोटी लागते, आणि त्यासाठी रोज घड्याळ लावून सिस्कोच्या डिझाइन मार्गदर्शिकांची काही पानं वाचण्याला पर्याय नाही. आता पैसे पाहा. बदललेल्या रचनेत एन्कोरला 400 डॉलर आणि लॅबला 1600 डॉलर ठेवले गेले, कर वेगळा. म्हणजे लॅबचा एकेक प्रयत्न लाखाच्या वर जातो. शिवाय एन्कोर उतरल्यावर तीन वर्षांच्या आत लॅब उतरावी लागते. इतकं सगळं लॅबवर अवलंबून असताना क्लासवाले मात्र म्हणतात, आधी लेखी काढून टाका, लॅबचं नंतर बघू. नंतर बघायला ते जागेवर नसतात.

या मंडळींचं सगळ्यात आवडतं वाक्य म्हणजे ‘हे परीक्षेत येत नाही’. एक साधं उदाहरण घेऊ. दोन राउटरमधली ओएसपीएफ नेबरशिप एक्सस्टार्टमध्ये अडकली आहे. बहुतेकदा दोन्ही टोकांचा एमटीयू वेगळा असतो. हॅलो पॅकेटमध्ये एमटीयू तपासला जात नाही, म्हणून शेजारी दिसतो. डेटाबेस वर्णनाच्या पॅकेटमध्ये मात्र तो लिहिलेला असतो, आणि आकडा आपल्यापेक्षा मोठा दिसला की समोरचा राउटर ते पॅकेट नाकारतो. हे ज्याने स्वतः बिघडवून, डीबग लावून पाहिलं, त्याला ते पाठ करावं लागत नाही. याच ‘का’ला ‘येत नाही’ म्हणून झटकलं जातं, तेव्हा समजावं की सरांनाही फक्त पर्याय क्रमांक ठाऊक आहे. हे कळायला मात्र फीचे सगळे हप्ते जावे लागतात. पुढे हातात पडतात डम्प, म्हणजे चोरलेले प्रश्न. उमेदवाराने सही केलेल्या कराराचा तो भंग आहे. निकाल रद्द होऊ शकतो, बंदी येऊ शकते, आणि ती क्लासवर नाही, तुमच्या नावावर येते. ‘पास गॅरंटी’च्या जाहिरातीत हे नसतं.

यावर कोणी म्हणेल, लेखी पेपर तर पर्यायांचाच आहे, मग तिथे चाचण्यांचा मारा का नको? निम्मं खरं आहे. चाचण्या द्याव्यात, पण वाचलेलं लॅबमध्ये उभं करून झाल्यावर. लॅबच्या 1.1 आवृत्तीच्या अभ्यासक्रमात एसडी-वॅनसारख्या सॉफ्टवेअर-नियंत्रित जाळ्यांना 25 टक्के आणि ऑटोमेशनला 15 टक्के वजन आहे. या 40 टक्क्यांसाठी पायथन लिहून चालवावं लागतं, कंट्रोलर उभा करावा लागतो, आणि प्रश्नसंच सोडवून ते हातात येत नाही. दुसरा आक्षेप पुण्याचा. नांदेड-लातुरात उपकरणं नाहीत, म्हणून खोली घेऊन तिकडे राहावं, असं म्हणतात. पण खुद्द परीक्षेतही बरीचशी उपकरणं आभासीच आहेत. 64 जीबी रॅमचा जुना सर्व्हर दोघातिघांनी मिळून घेतला आणि त्यावर ईव्ह-एनजी किंवा सिस्कोचं मॉडेलिंग लॅब्ज चढवलं, की पुण्यातल्या खोलीभाड्याची आणि मेसची रक्कम वाचते. पॅकेट ट्रेसर सीसीएनएपुरता ठीक, पुढे तो तोकडा पडतो. वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर हवा आणि कॉन्फिगरेशन सेव्ह करण्याची सवयही हवी. ती सवय परीक्षेतही कामाला येते.

लातूर पॅटर्नमधून घ्यायचीच असेल तर फेरतपासणी घ्या. एक वही बिघाडांची ठेवा: लक्षण काय होतं, कोणत्या कमांडने पाहिलं, कारण काय निघालं, आणि आधी चुकून कशावर संशय घेतला होता. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण पाच तासांत वेळ खातो तो चुकीचा संशय. झोप, सातत्य, मोबाइल दूर ठेवणं वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे. भारतातलं कायमचं लॅब केंद्र बेंगळुरूला आहे. लातूर रोडवरून जाणारी नांदेड-बेंगळुरू एक्स्प्रेस धरलीत तर परीक्षेच्या आदल्या दिवशी पोहोचेल अशा बेताने धरा, गाडीतून उतरून थेट आठ तास बसू नका. आणि क्लास लावायचाच असेल, तर आधी सरांचा सीसीआयई क्रमांक विचारा. टाळाटाळ झाली तर उठा. फी कधीही एकरकमी भरू नका. परताव्याची अट पावतीवर लिहून घ्या, आणि लॅबचा लॉगिन तुमच्या हातात येऊन चालेपर्यंत पहिल्या हप्त्यापलीकडे एक रुपयाही देऊ नका.