आमच्या काचपेटीतले शेवाळ

आमच्या वर्गातल्या काचपेटीत गप्पी मासे आहेत. गप्पी अंडी घालत नाही, एकदम पिल्लेच देते. पण पाणवनस्पतींवर केसांसारखे लांब हिरवे शेवाळ वाढले, की त्याच्या गुंत्यात ही बारकी पिल्ले अडकतात आणि मरतात.

मी जुना टूथब्रश गोल फिरवतो, शेवाळ त्याला गुंडाळून येते. पण नुसते काढून भागत नाही. शेतात खत पडले की तणही माजते ना, तसेच हे. माशांची विष्ठा नि उरलेले खाणे कुजते, तेच शेवाळाचे खत. वर खिडकीतले ऊन. म्हणून आम्ही पेटी उन्हातून हलवली. मासे दोन मिनिटांत फस्त करतील एवढेच खाणे टाकतो. दर शनिवारी चौथा हिस्सा पाणी बदलतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून बादली आदल्या दिवशीच भरून उघडी ठेवायची.

कुणी म्हणतात, चिमूटभर मोरचूद टाका. मुळीच टाकू नका! त्याने मासेही मरतात.

मागच्या काचेवरचे थोडे शेवाळ मात्र मी ठेवले आहे. गप्पी ते टोचून टोचून खातात. पालकांनो, बघायला जरूर या, पण काचेवर टिचक्या मारू नका हं, मासे घाबरतात.