वर्ष सरले, आपण वाढलो का?



गेल्या नाताळात शिवलेला फ्रॉक यंदा मुलीला आखूड होतो. मुलाचे बूट पायात शिरत नाहीत. आपण कौतुकाने म्हणतो, "किती वाढली मुले!" मुले वाढली हे कपडे सांगतात. पण आपला आत्मा या वर्षात वाढला की नाही, हे कशावरून ओळखायचे?

पुष्कळदा आपण मोजदाद करू लागतो. रविवारची मिस्सा चुकवली नाही, रोज संध्याकाळी रोझरी झाली, नोव्हेनाचे नऊही दिवस हजेरी लावली, वेलंकनीची यात्रा झाली. हे सर्व चांगले आहे आणि आवश्यकही आहे. तरीही संत पौल आपल्याला थांबवतो. करिंथ येथील भाविकांना कृपादानांची काहीच वाण नव्हती. असे असूनही पौल त्यांना ख्रिस्तातील बाळके म्हणतो आणि आपण त्यांना जड अन्न नव्हे तर दूधच पाजले, असे सांगतो. का? कारण त्यांच्यात हेवेदावे व भांडणे होती (१ करिंथ ३:१-३). म्हणजे परिपक्वतेची परीक्षा देवळात होते तशीच ती घरात, अंगणात आणि शेजाऱ्याच्या कुंपणापाशीही होते.

नाताळच्या रात्रीची एक घटना आपल्याला हे नीट समजावून देते. फ्रान्समधील लिझ्यू गावची तेरेझा, जिला आपण बाळ येशूची संत तेरेझा म्हणून ओळखतो, १८८६ साली तेरा वर्षांची होती. साडेचार वर्षांची असताना तिची आई वारली. तेव्हापासून ती अतिशय हळवी झाली होती. कोणी जरा काही बोलले की तिला रडू कोसळे, आणि मग आपण रडलो म्हणून ती पुन्हा रडे. त्या नाताळात मध्यरात्रीची मिस्सा आटोपून कुटुंब घरी आले. लहान मुलांसाठी चुलाण्याजवळ ठेवलेल्या बुटांत भेटवस्तू घालण्याची तिथे पद्धत होती. थकलेल्या वडिलांच्या तोंडून निघून गेले की, बरे झाले, आता हे शेवटचेच वर्ष. जिन्यावरून जाणाऱ्या तेरेझाने ते ऐकले. तिचे डोळे भरून आले. बहीण सेलिन म्हणाली, इतक्यात खाली जाऊ नकोस.

पण तेरेझाने अश्रू गिळले. ती खाली गेली, वडिलांसमोर बसली आणि एकेक वस्तू आनंदाने बाहेर काढू लागली. वडीलही हसू लागले. पुढे तिने आत्मचरित्रात लिहिले की, जे काम दहा वर्षांत आपल्याला जमले नव्हते ते प्रभूने एका क्षणात केले; आपल्यापाशी होती ती फक्त सदिच्छा. त्या रात्रीला ती आपले परिवर्तन म्हणते. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून घोषित केले, तिच्या प्रौढपणाची सुरुवात अशी एका जिन्यावर झाली.

त्या क्षणी काय बदलले? वडिलांचे शब्द तेच होते, दुखणेही तेच होते. पण "मला काय वाटले" यावरून तिचे लक्ष "बाबांना काय वाटेल" याकडे वळले. आध्यात्मिक परिपक्वता म्हणतात ती हीच. दुखावले जाणे थांबत नाही. दुखावलेले मन प्रीतीच्या आड येणे थांबते.

आमचा अनुभव सांगायला संकोच वाटतो. एका नाताळात जवळच्या नातलगाने जेवताना एक शब्द टोचून बोलला. आम्ही मनात धरला. पुढच्या नाताळात गोडधोडाचे ताट सगळ्या घरी गेले, त्या एका घरी गेले नाही. त्या संपूर्ण वर्षात आमची मिस्सा चुकली नव्हती! वेदीवर अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले तर आधी जाऊन समेट कर, हे प्रभूचे वचन (मत्तय ५:२३-२४) आम्ही किती वेळा ऐकले असेल! शेवटी ताट घेऊन गेलो तेव्हा कळले की तो शब्द त्यांना आठवतही नव्हता. वर्षभर ओझे वाहिले ते आम्हीच.

मग ज्यांचे वर्ष असेच वाया गेले त्यांनी निराश व्हावे का? नाही. अंजिराच्या झाडाचा दाखला आठवा (लूक १३:६-९). तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी विनवतो: एवढे वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. वाडीत काम करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. आळे खणताना माती उलटीपालटी होते, आणि खताला सुगंध नसतो. नवे वर्ष म्हणजे प्रभूने आपल्यासाठी मागून घेतलेली मुदत आहे. ती मुदत कायमची नाही, हेही दाखल्यात स्पष्ट आहे.

खणायचे कसे? संत इग्नेशियस लोयोला यांनी आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. ३१ डिसेंबरच्या आभारप्रार्थनेला येण्यापूर्वी अर्धा तास शांत बसून त्या घरी करता येतील.

१. वर्षभरातील कृपादानांबद्दल, नावे घेऊन, देवाचे आभार मानू या.
२. आपले दोष दिसावेत म्हणून प्रकाश मागू या. आपल्या डोळ्यांना दुसऱ्याचे दोष आधी दिसतात.
३. जानेवारीपासून एकेक महिना आठवू या. कुठे आपण रुसलो, कुठे अबोला धरला, कुठे गप्प बसून दुसऱ्याला सांभाळून घेतले?
४. क्षमा मागू या आणि शक्य तितक्या लवकर प्रायश्चित्त संस्कार घेऊ या.
५. प्रभूच्या कृपेने सुधारण्याचा एकच निश्चय करू या. दहा निश्चय फेब्रुवारीपर्यंत टिकत नाहीत.

आपण पूर्णत्वाला पोहोचलो नाही, पण पुढे धावत आहोत, असे संत पौलदेखील स्वतःविषयी म्हणतो (फिलिप्पै ३:१२-१४). मग आपल्याला लाज कसली?

चिंतनासाठी: यंदा आपल्या घरचे ताट कोणत्या घरी गेले नाही? १ जानेवारीला, देवमाता मरियेच्या सणाची मिस्सा झाल्यावर, पहिले पाऊल त्या घराकडे वळेल का?

प्रार्थना: हे प्रभो, तू आम्हांला आणखी एक वर्ष देत आहेस. आमच्या मनाची माती कठीण झाली आहे. तू खण, आम्ही दुखले तरी सोसू. तुझ्या कृपेचे फळ आमच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना चाखता येऊ दे. आमेन.