गाडीत चावी मोडली तर

मुरूडला, रेवदंड्याला, आक्षीला मासळीच्या होड्या लागतात. मासळी भरायची, वर बर्फ टाकायचा आणि टेंपो हाकायचा. उशीर झाला की भाव पडतो. अशा वेळी चावी फिरवली आणि कट्‌कन मोडली! अर्धी हातात, अर्धी लॉकमध्ये. इकडे बर्फ वितळू लागला. माणूस गडबडतो. हातातला तुकडा पुन्हा भोकात घालतो आणि जोर लावतो.

नेमके हेच करू नये. त्याने आतला तुकडा आणखी आत जातो. मग सगळे लॉकच बदलायची पाळी येते.

लॉक आतून कसे असते ते आधी पाहू. त्यात एक गोल तुकडा फिरतो. त्या तुकड्यात पितळेच्या लहान लहान पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीला बारीक स्प्रिंग असते. चावी आत गेली की तिच्या दातांमुळे साऱ्या पट्ट्या एका रेषेत येतात. मग लॉक फिरते. पण फिरलेल्या लॉकमधून चावी बाहेर येत नाही. जिथे ती आत गेली, त्याच खुणेवर लॉक परत आणावे लागते. मोडक्या तुकड्याचेही तसेच आहे. ही गोष्ट ध्यानात आली की निम्मे काम झाले.

म्हणून प्रथम हँडब्रेक ओढा. मग लॉकची चीर पाहा. ती तिरपी असेल तर बारीक पेचकसाचे टोक चिरेच्या तोंडाशी टेकवा आणि हलक्या हाताने लॉक 'बंद'च्या खुणेवर आणा. पेचकस खोल घालू नका.

आता आत पातळ तेलाचे दोन-चार थेंब सोडा. शिवणाच्या मशीनचे तेल चालते. पाच-दहा मिनिटे थांबा. आमच्या कोकणात खोबरेल घरोघर असते, म्हणून हात तिकडेच जातो. पण खोबरेल थंडीत थिजते, आणि त्याला रेतीही चिकटते. ते नको.

तुकड्याचे टोक बाहेर दिसते का? मग निमुळत्या चिमट्याने धरा आणि सरळ ओढा. पिळू नका. टोक दिसत नसेल तर अगदी बारीक करवतीचे पाते घ्या. पात्याचे दात आपल्याकडे वळलेले हवेत. चावीला ज्या बाजूला दात आहेत, त्या बाजूने पाते आत सरकवा. किंचित कलते करून चावीच्या दातात अडकवा आणि ओढा. एका खेपेला निघेलच असे नाही. तुकडा थोडा जरी सरकला तरी पुन्हा तसेच करा. पाते बोट कापते, तेव्हा धरायच्या टोकाला फडके गुंडाळा.

भोवती जमलेले लोक नाना उपाय सांगतात. कोणी म्हणतो, "चुंबक लावा हो!" चावी पितळेची असेल तर चुंबक काय करणार? कोणी म्हणतो, "काडीला चिकटवायचा गोंद लावून आत घाला." तो गोंद पट्ट्यांनाच चिकटून बसतो. आम्हांला विचाराल तर याहून वाईट उपाय नाही.

कधी इंजिन बंद असते, पण लॉक 'चालू'च्या खुणेवरच अडकते. ते मागे येईना, तर बॅटरीची वजा खुणेची वायर काढून ठेवा. नाहीतर रात्रीत बॅटरी उतरेल.

आता चावी मोडते का, ते पाहा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. जून-जुलैत टेंपो दारात उभा राहतो. खाऱ्या हवेने आतल्या पट्ट्या आखडतात. लॉक घट्ट लागते, म्हणून आपण जोर करतो. चावीला दाताच्या खाचेपाशी आधीच बारीक तडा गेलेला असतो. तो वाढत जातो आणि ऐन घाईत चावी मोडते. उभ्या गाडीचीही चावी आठवड्यातून एकदा फिरवावी ती यासाठी. चावीला तडा दिसला तर तिची लगेच नक्कल करून घ्यावी.

आगरदांड्याहून दिघीला गाड्या फेरीबोटीने जातात. मांडव्याहून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यालाही 2020 पासून गाड्या बोटीने जाऊ लागल्या. बोटीत चावी मोडली तर आपल्या मागच्या साऱ्या गाड्या अडकतात. दुसरी चावी घरी पेटीत ठेवून तिथे काय उपयोग? ती खिशात हवी, नाहीतर क्लीनरजवळ द्यावी.

मोडलेले दोन्ही तुकडे टाकू नका. ते जुळवून चावीवाला नवी चावी कापू शकतो. अलीकडच्या बऱ्याच मोटारींत चावीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत एक चिप असते. तिच्यावाचून गाडी सुरू होत नाही. म्हणून मूठही सांभाळून न्या.