सुगरणीचा खोपा

पावसाळा सुरू झाला, बाजरी वीतभर वर आली, की विहिरीवरच्या बाभळीकडे एकदा मान वर करून बघा. फांदीच्या टोकाला लांब नळीचे खोपे लोंबताना दिसतील. आपल्या नेवासे तालुक्यात प्रवरेच्या काठाला, ऊसाच्या मळ्याला लागून, हे खोपे पुष्कळांनी पाहिलेले असतात. पण हे घर बांधतो कोण, त्यात राहतो कोण, आणि ते पाखरू खाते काय, हे फार थोडे जण सांगू शकतील. आज आपण तेच शिकू या.

पाखराचे नाव सुगरण. नाव बाईचे, पण घर बांधतो नर! पावसाळ्यात नराच्या डोक्याला पिवळी टोपी येते. मादी मात्र घरातल्या चिमणीसारखी साधी दिसते.

नर गवताच्या किंवा ऊसाच्या पात्याला कडेने चोचीने चीर पाडतो. मग ती कड चोचीत धरून उडतो. उडता उडता लांब धांदोटी निघते. अशा शेकडो धांदोट्या आणून, गाठी मारून तो विणकाम करतो. त्याच्याजवळ सुई नाही, दोरा नाही. चोच आणि पाय एवढीच हत्यारे.

अर्धा खोपा झाला, की तो उलट्या टोपीसारखा दिसतो. आता नर पंख फडफडवून मादीला बोलावतो. मादी येते, आत शिरते, विणकाम चोचीने ओढून बघते. पसंत पडले तरच ती राहते. मग नर खाली नळी जोडून घर पुरे करतो. आणि लगेच दुसरा खोपा बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! म्हणूनच एका झाडावर काही खोपे पुरे तर काही अर्धवट दिसतात. अर्धवट खोपा म्हणजे बहुधा नापसंत घर.

हे कळले कसे? कोणीतरी बसून पाहिले म्हणून. डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) हे आपल्या देशाचे मोठे पक्षी-अभ्यासक. १९३० साली त्यांची नोकरी गेली होती. ते अलिबागजवळ किहीम या गावी राहत होते. तिथे घराजवळ सुगरणींची वसाहत होती. कित्येक दिवस त्यांनी ती बारकाईने पाहिली आणि दिसेल ते टिपून ठेवले. नर एकामागून एक खोपे बांधतो आणि मादी घर निवडते, हे त्या टिपणांतून जगापुढे आले.

आता शेतकऱ्याच्या मनातला प्रश्न. सुगरण बाजरी खाते ना? होय, खाते. दाणा भरला की थवेच्या थवे कणसांवर बसतात. नुकसान होते, हे खोटे नाही. पण अंडी फुटली की पिलांना कोवळे अन्न लागते. तेव्हा ती अळ्या, नाकतोडे, किडे वेचून आणते. म्हणजे पीक लहान असताना पाखरू आपली कीड खाते आणि पीक भरल्यावर थोडी मजुरी वसूल करते!

चीन देशात १९५८ साली धान्य खातात म्हणून चिमण्या मारण्याची मोहीम निघाली. असंख्य चिमण्या मारल्या. मग किडी वाढल्या आणि पिकाला त्रास झाला. शेवटी १९६० साली चिमण्यांना त्या यादीतून वगळावे लागले.

म्हणून आम्ही सांगतो : दाणा भरल्यावर गोफण फिरवा, डबा वाजवा, बुजगावणे लावा. कुसळांच्या बाजरीवर पाखरे कमी बसतात, तेही ध्यानात ठेवा. पण विषाचे दाणे टाकू नका आणि खोपे पाडू नका. अंडे घातल्यापासून पिलू उडेपर्यंत जेमतेम महिनाभर लागतो. बाभूळ तोडायचीच असेल, तर दिवाळीनंतर खोपे रिकामे झाल्यावर तोडा.

लोक म्हणतात, सुगरण खोप्यात काजवे चिकटवून दिवा लावते. खोप्यात ओल्या मातीचे गोळे मात्र असतात, आणि ते आपण डोळ्यांनी पाहू शकतो. ऐकलेले आणि पाहिलेले यांत फरक असतो, बरं का.

तुम्हाला आता लिहिता येते. तेव्हा एक वही घ्या. लांब बसा, खोप्याला हात लावू नका. आठवड्यातून एकदा एवढे लिहा :

१. तारीख आणि झाडाचे नाव.
२. पुरे खोपे किती? अर्धे किती?
३. खोपे झाडाच्या कोणत्या बाजूला आहेत?
४. पाखराच्या चोचीत काय दिसले : गवत, दाणा की अळी?

दिवाळीला वही उघडून वाचा. आपल्या बांधावरचे पाखरू आपल्याला काय देते आणि काय नेते, याचा हिशेब तुमच्याच अक्षरात तुमच्यापुढे असेल.