मृगाच्या चित्रात पृथ्वीचे फिरणे

कॉलेजात शिकत असताना एका थंडीत मी मित्राचा कॅमेरा मागून आणला आणि गच्चीवरून मृग नक्षत्राची छायाचित्रे घेतली. रोल धुऊन आणायला गेलो, तेव्हा दुकानदार म्हणाला, "चित्रे बिघडली. कॅमेरा हलला." पाहतो तो तार्‍यांच्या जागी बारीक रेघा! मी हिरमुसलो. कॅमेरा तर घट्ट बसवलेला होता. पुढे ध्यानात आले, की दुकानदाराचे म्हणणे खरे होते. कॅमेरा हलला होता. मात्र एकटा नव्हे, गच्ची, गाव आणि पृथ्वी यांच्यासकट!

त्या बिघडलेल्या चित्रातून केवढे मोठे मोजमाप करता येते, ते आज पाहू.

जानेवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास महाराष्ट्रातून मृग नक्षत्र आग्नेयेकडे बरेच उंच दिसते. चार कोपर्‍यांवरचे चार तारे म्हणजे मृगाचे पाय आणि मधले एका ओळीतले तीन तारे म्हणजे त्याला लागलेला बाण. बाणाची रेषा खाली वाढवली, की रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा, व्याध, सापडतो. चार पायांपैकी तांबूस दिसतो तो काक्षी आणि त्याच्या समोरच्या कोपर्‍यातला निळसर पांढरा तो राजन्य. हे दोन तारे नीट ओळखून ठेवा.

साहित्य : ज्यात शटर किती सेकंद उघडे ठेवायचे हे आपल्याला ठरवता येते, असा कोणताही कॅमेरा किंवा मोबाइल, आणि ट्रायपॉड. ट्रायपॉड नसेल तर दोन विटा व वाळूची पिशवी पुरते.

कृती : चंद्र नसलेली रात्र निवडा. गच्चीवरचा दिवा मालवा. मृग चित्राच्या मध्याच्या थोडे पूर्वेकडे येईल असा कॅमेरा बसवा. भिंग दूरच्या वस्तूवर जुळवून शटर ५ सेकंद उघडे ठेवा. बटण दाबताना धक्का बसू नये म्हणून स्वयंचलित टायमर लावा. डोळ्याला न दिसलेले कितीतरी तारे चित्रात उमटलेले पाहून तुम्ही चकित व्हाल. डोळा प्रकाश क्षणभरच साठवतो. कॅमेरा मात्र शटर उघडे असेपर्यंत तो साठवत राहतो.

मग शटर मिनिटभर उघडे का ठेवू नये? कारण पृथ्वी थांबत नाही. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगातून पडणारी मृगाची प्रतिमा १० सेकंदांत सुमारे ०.०४ मिलिमीटर सरकते. एवढ्यानेच ठिपक्याची रेघ होऊ लागते.

आता कॅमेर्‍याला मुळीच हात न लावता बरोबर ४० मिनिटांनी दुसरे चित्र घ्या. दोन्ही चित्रे सारख्याच आकारात छापून घ्या. ट्रेसिंग पेपरवर पहिल्या चित्राची चौकट आणि तारे उतरवा. मग चौकट जुळवून दुसर्‍या चित्रातले तारे उतरवा. मृग पश्चिमेकडे सरकलेला दिसेल.

तो किती अंश सरकला? त्यासाठी फूटपट्टी आकाशातच आहे. काक्षी आणि राजन्य यांच्यातील अंतर १८.६ अंश आहे. समजा, कागदावर हे अंतर ४५ मिलिमीटर आले आणि बाणातला सर्वांत आधी उगवणारा तारा २४ मिलिमीटर सरकला. म्हणजे तो २४ ÷ ४५ × १८.६ = ९.९ अंश सरकला. ४० मिनिटांत ९.९ अंश, तर ३६० अंशांना सुमारे १४५५ मिनिटे, म्हणजे सव्वाचोवीस तास! तार्‍यांच्या संदर्भात पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पूर्ण होते. दोन विटा आणि एका कागदावर केलेल्या मोजमापाला एवढी चूक शोभून दिसते. तुमचे उत्तर किती येते, ते पाहा.

प्रत्येक चित्रामागे तारीख, वेळ, ठिकाण आणि सेकंद लिहून ठेवण्याची सवय लावा. २०१९ च्या अखेरीस काक्षी मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचे तेज नेहमीच्या सुमारे एक-तृतीयांशावर आले. तार्‍याने बाहेर टाकलेल्या वायूपासून बनलेल्या धुळीने त्याचा काही प्रकाश अडवला होता. हा फरक नुसत्या डोळ्यांनाही कळत होता. ज्यांच्या वहीत आधीच्या थंडीतले मृगाचे चित्र होते, त्यांना तो शेजारी ठेवून दाखवता आला. आपल्या गावाचे दिवे वाढल्यामुळे दरवर्षी किती तारे चित्रातून हरवतात, हेही अशाच वहीतून कळेल.

जाता जाता एक प्रश्न. हाच प्रयोग सप्तर्षींवर केला, तर ४० मिनिटांत ते मृगाहून कमी सरकलेले दिसतात आणि ध्रुव तर जवळजवळ जागचा हलत नाही. पृथ्वी एकच, मग असे का? फिरत्या पंख्याच्या पात्याचे टोक आणि त्याचा मधला भाग आठवा, म्हणजे उत्तर सापडेल.