लोणारच्या दगडातले घड्याळ



जालन्याहून मंठ्यामार्गे लोणारला तुमच्यापैकी पुष्कळजण सहलीला गेले असतील. अशनीच्या आघाताने झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर किती जुने, असे विचारले की एकजण ५२ हजार वर्षे सांगतो, दुसरा ५ लाख ७० हजार. गंमत म्हणजे दोन्ही आकडे शास्त्रज्ञांनीच दिलेले आहेत. पहिला १९९७ मध्ये, दुसरा २०११ मध्ये. मग विश्वास कोणावर ठेवायचा? या भांडणात एक तिसरा साक्षीदार आहे. तो आकाशातून येतो.

सूर्यमालेच्या बाहेरून प्रचंड वेगाने येणाऱ्या कणांना आपण विश्वकिरण म्हणतो. त्यांत बहुतेक प्रोटॉन असतात. ते वातावरणाच्या वरच्या थरात हवेच्या अणुकेंद्रांवर आदळतात आणि त्यातून नव्या कणांची सर खाली येते. तुम्ही तळहात आडवा धरलात, तर त्यातून दर सेकंदाला एखाद-दुसरा म्युऑन आरपार जातो. तुम्हाला पत्ताही लागत नाही. या सरीत न्यूट्रॉनही असतात, आणि आपले काम त्यांच्याशी आहे.

असा वेगवान न्यूट्रॉन गारगोटीतल्या ऑक्सिजनच्या अणुकेंद्रावर आदळला, की क्वचित त्याचे तुकडे होऊन बेरिलियम-१० तयार होते. सिलिकॉनपासून ॲल्युमिनियम-२६ होते. बेरिलियम-१० चे अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षे आहे. म्हणजे पन्नास हजार वर्षांत ते फारसे कमी होत नाही, साठतच जाते. हेच बेरिलियम हवेतही तयार होते आणि पावसाबरोबर खाली येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांचे सहकारी १९५६ च्या सुमारास पावसाच्या पाण्यात विश्वकिरणांनी घडवलेले असे अणू शोधत होते. उंची व अक्षांश यांप्रमाणे खडकात किती अणू तयार होतात, याचे गणित लाल यांनीच १९९१ मध्ये मांडले. आज जगभर खडकांची वये काढताना त्याचा आधार घेतला जातो.

आता विवराकडे वळू. न्यूट्रॉन खडकात फार खोल जात नाहीत. साधारण ६० सेंटिमीटर खाली त्यांची संख्या एक-तृतीयांशाच्या आसपास येते, आणि तीन मीटरवर शंभरात एकही उरत नाही. म्हणून विवर होण्यापूर्वी जो दगड खोल गाडलेला होता, त्यात हे अणू जवळजवळ नव्हतेच. आघाताने तो उसळून काठावर पडला आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू झाले.

हिशोबाच्या सोयीसाठी एक ग्रॅम गारगोटीत वर्षाला ४ अणू तयार होतात असे धरा. साडेसदतीस हजार वर्षांत दीड लाख अणू होतील. आकडा मोठा वाटतो, पण एका ग्रॅम गारगोटीत रेणू असतात १ वर २२ शून्ये इतके! त्यातून हे दीड लाख मोजून काढायला कणत्वरक लागतो.

मात्र हे घड्याळ सदैव एकाच गतीने चालत नाही. सूर्यावर डाग वाढले, की सौरवाऱ्याबरोबर येणारे चुंबकीय क्षेत्र विश्वकिरणांना अडवते. १६४५ ते १७१५ या काळात सौरडाग अगदी कमी होते. त्या काळच्या ध्रुवीय बर्फात बेरिलियम-१० जास्त सापडते. आजच्या घडामोडी उपकरणे टिपतात. २२ जून २०१५ रोजी सूर्याकडून आलेला ढग पृथ्वीवर आदळला, तेव्हा उटीच्या ग्रेप्स-३ या म्युऑन-दुर्बिणीने दोन तास कणांची वाढ नोंदवली. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र तेवढा वेळ दुबळे झाले होते. लोणारच्या अक्षांशावर मुळातच फक्त जास्त ऊर्जेचे कण पोचतात, त्यामुळे सूर्याच्या ११ वर्षांच्या चढउताराचा परिणाम तिथे थोडा, आणि हजारो वर्षांत तो सरासरीत बुडून जातो. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे तसे नाही. सुमारे ४१ हजार वर्षांपूर्वी ते फारच क्षीण झाले होते. असे बदल हिशोबात धरावेच लागतात.

२०१४ मध्ये जपानी संशोधक नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी लोणारच्या खडकांतले बेरिलियम-१० व ॲल्युमिनियम-२६ मोजले. आघातापूर्वीच्या मातीचे कार्बन-१४ वयही काढले. दोन्ही मिळून उत्तर आले ३७,५०० वर्षे, ५ हजार कमी-जास्त.

मग ५ लाख ७० हजार चूक का? घाई करू नका. तो आकडा आरगॉन वायूवरून आला. लोणारचा मूळ काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. आघाताच्या उष्णतेने त्यातला जुना आरगॉन पूर्ण निघून गेला नसेल, तर वय फुगते. उलट आपले घड्याळ वय कमी दाखवू शकते. काठ झिजत असेल, तर साठलेले अणू मातीबरोबर वाहून जातात. ६० सेंटिमीटर झिजायला जितकी वर्षे लागतात, त्याहून जास्त वय असा दगड कधीच दाखवणार नाही. गणित करा: हजार वर्षांना केवळ १.६ सेंटिमीटर झीज धरली, तरी दगड कितीही जुना असो, उत्तर साडेसदतीस हजारांवरच अडकेल.

इथे ती माती उपयोगी पडते. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे. ५ लाख ७० हजार वर्षे म्हणजे जवळजवळ १०० अर्धायुष्ये. तेवढ्यात त्याचा मागमूसही उरू नये. पण मातीत तो सापडला. मुळांनी किंवा झिरपणाऱ्या पाण्याने नवा कार्बन आत नेला असेल, ही शंका काढता येते. तरीही वितळलेल्या काचेच्या उष्मादीप्तीवरून काढलेले ५२ हजार, मातीचा कार्बन आणि दगडातले बेरिलियम, असे तिघे जवळपास एकच गोष्ट सांगत असताना माझा कौल तरुण विवराच्या बाजूने आहे. आरगॉनवाल्यांना तो मान्य होईलच असे नाही.

पुढच्या सहलीत काठावरचा एखादा मोठा दगड नीट पाहा. तो पडल्यापासून तसाच आहे, की कोणी उलटवला आहे? नमुना घेण्यापूर्वी शास्त्रज्ञालाही हाच प्रश्न पडतो, कारण पालथ्या पडलेल्या दगडात अणू मोजायचे तर आधी त्याची वरची बाजू कोणती होती ते ठरवावे लागते.