शाळेतील खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी : तळाच्या वाळूची निगा

पेडणे तालुक्यातील हरमल किंवा केरीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर लहान लहान गोळ्या पसरलेल्या दिसतात. बारीक खेकडे वाळूचा घास घेऊन कणांना चिकटलेले अन्न खातात व उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. पुढील भरतीत त्या गोळ्या विस्कटून जातात. अशा रीतीने किनारा रोज झाडला व धुतला जातो. डिचोलीसारख्या समुद्रकिनारा नसलेल्या तालुक्यातील मुलांना सागरी जीवन वर्गातच दाखविण्यासाठी खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी उपयोगी पडते. परंतु पेटीत भरती-ओहोटी नसते. तेथील वाळू स्वच्छ ठेवण्याचे काम शिक्षक व विद्यार्थी यांनाच करावे लागते. त्यात हयगय झाली तर मासे दगावतात.

वाळू का मळते?

माशांची विष्ठा व उरलेले अन्न वाळूत साचून कुजते आणि त्यातून अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. वाळूच्या कणांवर राहणारे जीवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर पुष्कळच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या कामासाठी त्यांना प्राणवायू लागतो. वाळूचा थर जाड झाला किंवा गाळाने गच्च झाला, म्हणजे खालपर्यंत प्राणवायू पोहोचत नाही. मग तेथे दुसऱ्या प्रकारचे जीवाणू वाढतात, वाळू काळी पडते व हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. मानस फार दिवस बंद राहिलेल्या खाजनातील चिखल उकरला असता कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो याच वायूचा होय.

पेटी मांडताना

६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद व ३० सें.मी. उंच पेटीत सुमारे ४५ लिटर पाणी राहते. वाळूचा थर २ ते ३ सें.मी. ठेवावा, त्यासाठी सुमारे ७ किलो वाळू पुरते. वाळू मत्स्यपेटीच्या सामानाच्या दुकानातून घ्यावी व पाणी निवळ येईपर्यंत धुवावी. किनाऱ्यावरून वाळू आणू नये. मोरजी व मांद्रे येथे सागरी कासवे अंडी घालतात, आणि किनाऱ्यावरील वाळूच्या उपशास कायद्याने बंदी आहे. खाणपट्ट्यातील ओहोळांची वाळूही नको. तिच्यातील तांबडी बारीक माती पाणी गढूळ करते.

पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असावेत. त्यासाठी मत्स्यपेटीकरिता मिळणारे सागरी क्षारमिश्रण वापरावे. आगरातील मीठ चालत नाही, कारण मीठ बनताना समुद्रातील बरेचसे मॅग्नेशियम मागे उरलेल्या कडू पाण्यातच राहते. क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्यातील क्लोरीन प्रथम काढून टाकावे.

साप्ताहिक सफाई

१. प्रथम विजेची सर्व उपकरणे बंद करावी.
२. रबरी नळी पाण्याने भरून तिचे एक टोक वाळूत व दुसरे खाली ठेवलेल्या बादलीत सोडावे. नळी तोंडाने ओढू नये.
३. नळीचे टोक वाळूत हलके टेकवून वर उचलावे. गाळ पाण्याबरोबर निघून जातो व जड वाळू खाली बसते.
४. एका वेळी तळाचा चौथा भागच साफ करावा. महिन्याभरात संपूर्ण तळ होतो.
५. या कामात ४ ते ५ लिटर पाणी निघेल, तेवढेच आधी तयार केलेले खारे पाणी घालावे. उन्हाने आटलेले पाणी मात्र गोड्या पाण्याने भरून काढावे, कारण क्षार आटत नाहीत.

सर्व वाळू एकाच दिवशी काढून नळाखाली धुणे ही नेहमी घडणारी चूक आहे. वाळू चकचकीत होते, परंतु उपयोगी जीवाणू मरतात आणि काही दिवसांतच अमोनिया वाढतो. तळ काळा पडला असल्यास तो एकदम ढवळू नये. मासे दुसऱ्या पात्रात हलवून मगच ती वाळू काढावी.

गोगलगायी व शंखातील खेकडे वाळूवरील उरलेसुरले अन्न खातात, तरी नळीचे काम त्यांच्याने होत नाही. वाळू गाळून खाणारी समुद्रकाकडी पेटीसाठी पकडू नये. २००१ पासून तिला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

सुट्टी व पावसाळा

चतुर्थीच्या सुट्टीआधी माशांची उपासमार होऊ नये म्हणून मुले मूठभर खाद्य जास्त टाकतात. हीच माया माशांच्या जिवावर बेतते. निरोगी मोठे मासे दोन-तीन दिवस अन्नावाचून राहू शकतात. कुजलेले अन्न मात्र त्यांना सोसत नाही. दीर्घ सुट्टीत गावातील एका जबाबदार विद्यार्थ्याकडे रोजच्या खाद्याच्या मोजलेल्या पुड्या द्याव्यात. पावसाळ्यात वीज गेली की हवेचा पंप थांबतो व पाण्यातील प्राणवायू घटू लागतो. म्हणून बॅटरीवर चालणारा लहान पंप जवळ असावा.

सफाईची तारीख, तळाचा कोणता भाग साफ केला आणि वाळूचा रंग यांची नोंद विद्यार्थ्यांनी वहीत ठेवावी. काचेलगत काळी रेघ दिसताच खाद्य कमी करावे व शिक्षकांना सांगावे. एवढी दक्षता बाळगली, तर समुद्र न पाहिलेल्या मुलालाही त्याची ओळख वर्गात बसून होईल.